दोन्ही हात मोकळे

आईच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी मला विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, आम्ही तिघंच. आई, बाबा आणि मी. मग त्यांनी समजावून सांगितलं, की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, आणि पुढचे काही आठवडे आईला जे सांगायचं ते लिहूनच सांगावं लागेल. वडिलांना वाचता येतं ना, असं ते सहज विचारून गेले. मी म्हटलं, बाबांना दिसत नाही. डॉक्टरांनी आईकडे पाहिलं आणि ते पुढचं सांगू लागले.

बाबा जबलपूरला रांझीकडच्या कारखान्यात मशीनवर होते. काचबिंदूने त्यांची नजर गेली ती निवृत्तीनंतर. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं. दिसेनासं झाल्यावर काही वर्षांनी विसरणं सुरू झालं. सकाळी जेवलेलं दुपारी आठवेना. पण कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरात ते बिनघोर फिरायचे, कारण आई बोलत असायची. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे बोलण्याची सवय आणि आवाजही खणखणीत. "आता उंबरा आहे, पाय उचला." "चहा डाव्या हाताला ठेवलाय, गरम आहे." "खुर्ची मागेच आहे, बसा." दिवसभर हे चालायचं. बाबा तिच्या आवाजाचं बोट धरून चालतात, असं मला वाटायचं.

तो आवाज एका हिवाळ्यात बसला. सगळे म्हणाले, सर्दी असेल. शिक्षिकांचे घसे असेच जातात, असं ओळखीच्या डॉक्टरांनीही सांगितलं. मिठाच्या गुळण्या झाल्या, काढे झाले, औषधाच्या बाटल्या झाल्या. उन्हाळा लागला तरी घसा सुटेना तेव्हा नळी घालून तपासणी केली, कॅन्सर निघाला, आणि तिथून आम्ही थेट नागपूरला गेलो. नात्यातल्या बायकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तंबाखू वगैरे होती का? आईने आयुष्यात सुपारी चघळली नव्हती. तिने स्वतः एकदाच विचारलं, त्या उरलेल्या घोगऱ्या आवाजात, "मलाच काहून झालं असंन गं?"  

आम्ही दोघी नागपुरात असताना बाबांसाठी एक अटेंडंट ठेवला होता. मध्यम वयाचा, जाड आवाजाचा, हिंदी बोलणारा. बाबा त्याला भैया म्हणायचे. आंघोळ, जेवण, औषधं, सगळं तो बघायचा आणि शेजारच्या काकू येऊन जाऊन असायच्या. बाबांचं त्याच्याशी बरं जमलं. आम्ही परत आलो त्याच दिवशी तो गेला, कारण त्याला दुसरीकडे काम मिळालं होतं.

परत येताना तिलवाऱ्याच्या पुलावर गाडी आली तशी आईने नेहमीप्रमाणे हात जोडले. एरवी ती मोठ्याने "नर्मदे हर" म्हणायची आणि बाबांनाही म्हणायला लावायची. आता तिचे नुसते ओठ हलले. गळ्याच्या खालच्या बाजूला छिद्र होतं, त्यावर जाळीचा रुमाल होता, आणि श्वास तिथून ये-जा करत होता. मी खिडकीतून पाण्याकडे बघत राहिले.

घरी बाबा दिवाणावर बसले होते. आईने जाऊन त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाले, हात किती गार पडलेत तुझे. मग ते थांबले. ती काहीतरी बोलेल म्हणून मान थोडी तिरकी करून वाट बघत राहिले. मी सांगितलं, बाबा, आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला सध्या बोलता येत नाही. अच्छा, म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "ही काहून बोलत नाही? माझ्यावर रागावली का?" मी पुन्हा सांगितलं. पुन्हा अच्छा. संध्याकाळपर्यंत हेच चाललं आणि पुढे कितीतरी दिवस चाललं. प्रत्येक वेळी आई समोर असायची आणि प्रत्येक वेळी तिला ते ऐकावं लागायचं.

ऑपरेशनच्या वेळीच तिच्या श्वासनळी आणि अन्ननळीच्या मध्ये एक इवलीशी झडप बसवली होती. गळ्यावरचं छिद्र अंगठ्याने दाबून श्वास सोडला, की हवा त्या झडपेतून अन्ननळीत जाते आणि तिथून आवाज निघतो, असं आम्हाला सांगितलं होतं. जखम भरल्यावर ते शिकायला आम्ही बाबांना शेजारच्या काकूंवर सोपवून पुन्हा नागपूरला गेलो. शिकवणाऱ्या ताई वयाने माझ्याएवढ्याच होत्या, शांत आणि चिवट. त्यांनी आईला "आ" म्हणायला सांगितलं. नुसतीच हवा निघाली. अंगठा थोडा सरकवला, पुन्हा हवा. बऱ्याच वेळानंतर त्या म्हणाल्या, आता तुम्हाला जो शब्द सगळ्यात सोपा वाटतो तो म्हणा. आईने अंगठा दाबला आणि म्हणाली, "अहो."

तो आवाज खर्जातला होता, खरखरीत, पुरुषाचा वाटावा असा. कोण बोललं ते बघायला आईने वळून पाहिलं.

घरी आल्यावर आईने हातपाय धुतले, साडी बदलली आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिने अंगठा लावला आणि म्हणाली, "अहो, मी आले. मला आता बोलता येतं."

बाबांचा चेहरा उजळला. "अरे भैया, तुम वापस आ गए? और तुम्हें मराठी आती है?"

आईचा अंगठा निसटला. मी पुढे होऊन समजावलं, की बाबा, ही आईच आहे, तिचा आवाज बदललाय. ते हसले. बायकोचा आवाज मला ओळखता येत नाही का, असं म्हणाले. इतक्या वर्षांचा संसार झाला. हा तर भैया आहे.

बाहेरच्या जगातही तेच होत होतं, पण ते आई हसण्यावारी न्यायची. गॅसच्या एजन्सीतला मुलगा फोनवर तिला भैया म्हणायचा आणि ती खुशाल हां भैया, बोलो म्हणायची. मला वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टींचं. तिला वास येईनासा झाला होता, कारण श्वास नाकातून जातच नव्हता. फोडणी करपली तरी कळायचं नाही. बाबांचा चहा फुंकर घालून निववायची तिची सवय होती. तिने एकदा कप तोंडाशी नेला, ओठांचा चंबू केला, आणि मग तो तसाच खाली ठेवून पंख्याखाली सरकवला.

खरी अडचण हातांची होती. बोलायचं म्हणजे एक हात सतत गळ्याशी. आणि बाबांना धरून न्यायला आता दोन हात लागत होते. त्यांचा तोल जायचा, अंग जड झालं होतं. मी रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला, दिवसभर बाहेर. पुन्हा माणूस ठेवू या म्हटलं तर आई मानेनेच नको म्हणायची. एका रविवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून बाबांची हाक ऐकू आली म्हणून धावत आले. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर दोघंही बसलेले. आईने मागून त्यांच्या काखेत हात घालून त्यांना घट्ट धरलं होतं. उंबरा आला तेव्हा दोन्ही हात गुंतलेले होते, तिला सांगता आलं नाही आणि बाबांचा पाय अडकला. पडताना तिने त्यांना अंगावर घेतलं, त्यामुळे त्यांना लागलं नव्हतं. तिचं कोपर सोललं होतं. आणि बाबा तिच्याच छातीला टेकून तिला हाका मारत होते, "अगं, कुठं आहेस? मी पडलो ना. येत काहून नाहीस?"

तिला हात सोडवत नव्हता, आणि हात सोडल्याशिवाय इथेच आहे म्हणता येत नव्हतं.

त्या दिवशी मी नागपूरच्या ताईंना फोन केला. त्यांनी हात न लावता बोलता येणाऱ्या झडपेबद्दल सांगितलं. छिद्राभोवती एक चिकट चकती लावायची आणि तिच्यावर छोटं टोपण बसवायचं. टोपणात पातळ पडदा असतो. साधा श्वास चालू असताना तो उघडा राहतो. बोलायला म्हणून जरा जोराने श्वास सोडला, की पडदा मिटतो, हवा आतल्या झडपेकडे वळते आणि आवाज निघतो. अंगठ्याची गरज नाही. सगळ्यांना ते जमतंच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. आईने कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. पण टोपण मागवल्यापासून ती रोज मी ऑफिसातून आले की भुवया उंचावून विचारायची, आलं का?

ते बसवायला नागपूरला गेलो तेव्हा पहिल्या प्रयत्नात चकतीची एक कड फस्सकन सुटली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. ताईंनी कातडी पुसून, सुकवून, चकती तळहातात धरून ऊब देऊन पुन्हा लावली. जोर कमी लावा म्हणाल्या, छोटी वाक्यं बोला. आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ती म्हणाली, "माझे दोन्ही हात मोकळे आहेत." आणि मला दिसावेत म्हणून तळहात वर करून दाखवले. मला तिच्याकडे बघवेना इतका आनंद तिच्या तोंडावर होता.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघी एकच गोष्ट बोलत होतो. बाबा तिचा हात ओळखतात. आवाज ओळखत नाहीत, कारण आवाज आला की एक हात गळ्याशी जातो, ती थोडी लांब होते, वळून बसते. आता दोन्ही हात त्यांच्या हातात असतील आणि त्याच वेळी ती बोलेल. मग त्यांना समजेलच. न समजायला काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चकती फार निगुतीने लावली. आरशासमोर कडा दाबून दाबून बसवल्या. बाबा व्हरांड्यात उन्हाला बसले होते. तिने समोर वेताचा मोडा ओढला आणि काही न बोलता त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"आलीस?" बाबा म्हणाले, आणि तिच्या हातावरून अंगठा फिरवत राहिले.

"अहो," आई म्हणाली, "मीच बोलून राहिले. हा माझाच आवाज आहे."

बाबांनी हात झटकन काढून घेतले. पायजम्याला पुसले. "भैया, हाथ मत पकड़ो," ते म्हणाले. "मेरी मिसेस अभी यहीं थी, उनको बुला दो."

आईने पुन्हा हात धरले. मीच आहे, मीच आहे, असं म्हणत राहिली. ती जितकी बोलत होती तितके ते घाबरत होते. ते उठायला लागले, मला हाका मारायला लागले. मी त्यांना धरून आत नेलं. ती माणसं कोण आहेत, असं त्यांनी मला विचारलं. म्हणजे आता त्यांच्या लेखी बाहेर एकाहून जास्त परके होते.

बाहेर आले तर आई तशीच मोड्यावर बसलेली. रडत होती. पण रडताना श्वास जोराने जायचा, टोपणाचा पडदा मिटायचा आणि त्या खर्जात हुंदका बाहेर पडायचा. तो तिला ऐकवेना. तिने टोपण काढून पदरात धरलं आणि मग आवाजाशिवाय रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. 

मला वाटलं, तिचा जुना आवाज ऐकवला तर दुवा जुळेल. माझ्या फोनमध्ये तिचा एक निरोप होता, ऑफिसातून येताना कोथिंबीर आण, एवढाच. तो मी बाबांना लावून दाखवला. ते एकदम ताठ बसले. "आली वाटतं," म्हणाले, आणि फोनच्या दिशेने तोंड करून तिच्याशी बोलायला लागले. कुठे होतीस इतके दिवस, जेवलीस का. आई त्याच खोलीत भाजी निवडत होती. ती ताट घेऊन उठून गेली. बाबा बराच वेळ उत्तराची वाट बघत होते. तो निरोप मी पुन्हा कधी लावला नाही.

मग उन्हाळा आला. जबलपूरच्या मे महिन्यात कपाळावर टिकली टिकत नाही, तिथे ती चकती काय टिकणार. कूलरसमोर बसून लावली तरी दुपारपर्यंत घाम आत शिरायचा, कड उचलली जायची आणि बोलायला गेलं की फस्स व्हायचं. रेडिएशनने आधीच नाजूक झालेली कातडी लाल व्हायची, सोलवटायची. मग काही दिवस चकती बंद, पुन्हा अंगठा. ताई व्हिडिओ कॉलवर नवनवीन युक्त्या सांगायच्या, आम्ही सगळ्या करून बघायचो. एकदा तर बाबांना आंघोळीला नेताना आईने मला खूण केली, आणि तिचे हात गुंतलेले असताना मी माझ्या बोटाने तिच्या गळ्यावरचं छिद्र दाबून धरलं, म्हणजे तिला बोलता येईल. माझं बोट किती दाबायचं आणि कधी सोडायचं हे मला कळेना. तिचा श्वास कोंडला, डोळे मोठे झाले, आणि मी हात मागे घेतला. आम्ही पुन्हा तो प्रयोग केला नाही.

पावसाळ्यात हवा निवली, कातडी बरी झाली आणि चकती पुन्हा टिकायला लागली. त्याच दिवसांत एकदा ऑफिस लवकर सुटलं म्हणून मी दुपारीच घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आईचा आवाज येत होता, पण ती हिंदीत बोलत होती.

"बाबूजी, पैर उठाइए. दहलीज है. हां, अब सीधे चलिए."

तिने दोन्ही हातांनी त्यांचा दंड आणि कंबर धरली होती. बाबा शांतपणे, भरवशाने पाय टाकत होते. कितीतरी महिन्यांत मी त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं. तिने मला पाहिलं आणि डोळ्यांनीच गप्प राहा म्हणाली. त्यांना खुर्चीत बसवून ती आत आली. मी हळू आवाजात विचारलं, हे काय? "चालू दे," ती म्हणाली. "पडत तर नाहीत ना ते."

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. चालवताना, भरवताना, औषध देताना ती टोपण लावून भैया व्हायची. काम झालं की टोपण काढून नुसती शेजारी बसायची आणि हात हातात घ्यायची, तेव्हा ती आई असायची. बाबांच्या दृष्टीने घर सुरळीत चाललं होतं. फक्त बायको बोलत नव्हती. ते दुःख ते भैयालाच सांगायचे. एकदा मी ऐकलं. आई त्यांची नखं कापत होती.

"मेरी मिसेस मुझसे बात नहीं करती," बाबा म्हणाले. "तुमसे करती है क्या?"

आईची कात्री थांबली. "करती हैं, बाबूजी."

"क्या बोलती है?"

तिने पुढचं नख कापलं, मग आणखी एक. मला वाटलं चकती सुटली असेल. मग म्हणाली, "कहती हैं, आप दवाई टाइम पे लिया कीजिए."

बाबा मोकळेपणाने हसले. "हां, यही बोलेगी वो."

मी विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांना सगळं सांगून विचारलं, की काही करता येईल का. त्यांनी औषधाची मात्रा थोडी बदलली आणि जे शांतपणे चाललंय ते चालू द्या म्हणाले. मी आईला एकदा बाजूला घेऊन म्हटलं, की तुला हे सहन कसं होतं? तिने खांदे उडवले. मग टोपण नीट दाबून बसवलं आणि बाबांना औषध द्यायला गेली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

आता पुन्हा थंडी पडलीय. बाबा आणखी थकलेत. काल दिवेलागणीला आईने त्यांना शालीत गुंडाळून दिवाणावर बसवलं. मी समोरच तांदूळ निवडत होते. बाबा म्हणाले, "अब तुम घर जाओ, भैया. ठंड है. तुम्हारी मिसेस राह देखती होगी."

"जी, बाबूजी," आई म्हणाली.

ती दारापाशी गेली. त्यांना ऐकू जावं म्हणून कडी काढली, दार उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं. आतल्या बाजूला क्षणभर दाराला टेकून उभी राहिली. टोपण काढून डबीत ठेवलं. मग पाय न वाजवता परत आली, त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात धरला.

"आलीस?" बाबा म्हणाले. "तो भैया आत्ताच गेला. भला माणूस आहे. दिवसभर बोलत असतो माझ्याशी." थोडं थांबून ते म्हणाले, "तू पण बोल ना काही."

आईने त्यांचा हात दाबला. ते मान तिरकी करून ऐकत राहिले. मी तांदळाचं ताट घेऊन आत गेले आणि भात लावला.